त्रास १,२००चा, हिशोब १,७५०चा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“वय ४१, उंची १६० सेंटिमीटर. चौदा महिन्यांपूर्वी वजन ९४ किलो होतं, आता ७८ आहे. ध्येय ६५ ठरवलं होतं. गेले दोन महिने काटा ७८-७९वरून हलत नाही. रोज १,२०० कॅलरी, तासभर चालणं, प्रत्येक घास अ‍ॅपमध्ये. काकडीसुद्धा तोलून खाते. सोमवार ते शनिवार सगळं काटेकोर, आणि रविवारी दुपारनंतर जी खा खा सुटते ती झोपेपर्यंत. मग सोमवारी दुपारपर्यंत काही न खाता भरपाई. घरात कुणी साधं काही विचारलं तरी वसकन ओरडते. रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर रेसिपींचे व्हिडिओ बघत बसते, त्यातलं करत मात्र काहीच नाही. सोडावं तर १६ किलो परत येतील, चालू ठेवावं तर डोकंच चालेनासं झालंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझी इच्छाशक्ती संपली का?

ता. क. पुढच्या रविवारी भाचीचा वाढदिवस आहे, बाहेर जेवण आहे. जाऊ की काहीतरी कारण सांगू?”
– थकलेली

उत्तर:

इच्छाशक्ती जरा बाजूला ठेवू, आधी हिशोब करू. तुमचं वजन दोन महिने एका जागी आहे. याचा अर्थ एवढाच की या काळात सरासरी जेवढं खर्च होतंय तेवढंच पोटात जातंय. तुमची उंची, वय, वजन आणि रोजचं चालणं धरलं तर हा खर्च दिवसाला साधारण १,७०० ते १,९०० कॅलरी असावा. अ‍ॅप मात्र १,२०० दाखवतंय. मधल्या पाचशे-सहाशे आल्या कुठून?

सोमवार ते शनिवार बघा. भाजी करताना दोनदा घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेले दोन घास, आणि मुख्य म्हणजे तेल. सपाट भरलेला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, १२० कॅलरींचं. बाटलीतून अंदाजाने ओतलं की एकाचे दोन कधी होतात ते कळतही नाही. रोजच्या २५० अशा नोंदीबाहेर राहिल्या तर दिवसाच्या झाल्या १,४५०, आणि सहा दिवसांच्या ८,७००. रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत हात थांबला नाही, तर दिवसाची बेरीज ३,५०० होणं अजिबात अवघड नाही. एकूण १२,२००. भागिले सात म्हणजे १,७४३.

हा अंदाज आहे, पन्नास-शंभर इकडेतिकडे होतील. पण चित्र असं दिसतं की तुम्ही त्रास १,२००चा सोसताय आणि आठवड्याची सरासरी खाताय १,७५०च्या आसपास. हा टोमणा नाही. उलट तुमच्या पत्रातल्या सगळ्यात मोठ्या भीतीचं उत्तर त्यातच आहे. १,७५०वर तुमचं वजन वाढत नाही, हे तुमच्याच काट्याने सलग दोन महिने दाखवून दिलंय. तेवढंच खायचं, पण सातही दिवस सारखं, ताटात वाढून, बसून. एवढ्याने वजन उतरणार नाही. वाढणारही नाही. आणि रविवारची गरज राहणार नाही.

‘चयापचय बंद पडला’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. तो बंद पडत नाही, मंदावतो. १६ किलोने हलकं झालेलं शरीर कमी जाळतं, आणि वर आपल्या नकळत हालचालही कमी करतं. माणूस उभं राहायच्या ऐवजी बसतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, एका फेरीत होणारं काम उद्यावर ढकलतो. त्याच वेळी पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरलेलं असतं आणि भूक जागवणारं घ्रेलिन चढलेलं असतं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे कडक आहारावर ठेवलं होतं. वर्ष उलटलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती.

आता ते रात्रीचे रेसिपी व्हिडिओ. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते स्वतःहून आलेले, मनाने खंबीर, चाचण्या घेऊन निवडलेले. काही आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात अन्नाशिवाय विषय उरला नाही. स्वयंपाकात कधी रस नसलेले पुरुष पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले, क्षुल्लक गोष्टींवरून भडकायला लागले. त्यांची उपासमार तुमच्यापेक्षा फार कडक होती आणि ते मुळात सडपातळ होते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण वखवख, चिडचिड आणि डोळ्यांनी जेवणं ही अर्धपोटी मेंदूची लक्षणं आहेत, तुमच्या स्वभावाचे दोष नाहीत. चौदा महिने जी टिकली तिला इच्छाशक्ती कमी कशी म्हणायची? तुमच्या डाएटला संपण्याची तारीखच नव्हती, बिघाड तिथे झाला.

म्हणून तारीख घालू. पुढचे आठ आठवडे वजन कमी करायचं नाही. ‘जमलं तर कमी झालं तर बरं’ असंही नाही. आठ आठवडे काम एकच, आहे ते वजन टिकवणं. टिकवणं ही कमी करण्याहून वेगळी कला आहे, ती कधी ना कधी शिकावीच लागते, आणि बहुतेक जण ती अगदी शेवटी, दमून गेल्यावर शिकायला घेतात. थांबलं की घडी विस्कटते ही भीती तपासणारा एक गमतीदार अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी लोकांना मुद्दाम दोन किंवा सहा आठवडे डाएट सोडायला सांगितलं. उद्देश असा की घडी कशी विस्कटते ते बघता यावं. ती विस्कटलीच नाही. ठरवून थांबलेले लोक परत मार्गावर आले, आणि शेवटी न थांबलेल्यांपेक्षा फारसे मागे राहिले नाहीत. मात्र विराम घेतल्याने पुढे वजन झपाट्याने उतरतं, असा दावा कुणी केला तर तो फारसा मनावर घेऊ नका. विराम डोक्यासाठी आहे.

वाढ कशी करायची? दर आठवड्याला पन्नास-पन्नास कॅलरी चढवण्याची पद्धत बरीच लोकप्रिय आहे. तुम्हाला ती देणार नाही, कारण तिच्यात आणखी दोन-अडीच महिने अर्धपोटीच राहाल. थेट वर जा. सकाळी ४००, दुपारी ५५०, संध्याकाळी पाचच्या सुमारास २५०, रात्री ५५०. तुमची उपासमार सकाळी सुरू होते आणि तिची वसुली संध्याकाळी होते, त्यामुळे सकाळचं आणि पाचचं खाणं या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. (मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवणाचं प्रमाण आणि वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषधाचा डोस त्याच्याशी बांधलेला असतो.)

प्रथिनं दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास हवीत. सकाळ, दुपार, रात्र पंचवीस-पंचवीस आणि उरलेली पाचच्या खाण्यात. पंचवीस म्हणजे किती हे एकदा डोळ्यांना कळलं की पुन्हा मोजायला नको. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये तीसच्या जवळपास, दोनशे ग्रॅम शिजलेल्या अख्ख्या मसुरात अठरा. पातळ डाळीचा मात्र हिशोब वेगळा, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वाढीव कॅलरींतला मोठा वाटा भात, बटाटा, फळं, धान्य यांना द्या. इतके दिवस बहुतेक त्यांच्यावरच कुऱ्हाड चालली असणार.

आणि आता जिथे बरेच जण घाबरून माघार घेतात ती जागा. चौथ्या-पाचव्या दिवशी काट्यावर उभ्या राहाल तर वजन एक-दीड किलो जास्त दिसेल. ही चरबी नाही. पिष्टमय पदार्थ वाढले की स्नायू आणि यकृत ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा भरून घेतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. शिवाय आतड्यात अन्नही जास्त असतं. पटत नसेल तर उलटा हिशोब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. पाच दिवसांत तेवढी साठवायची तर रोज ३,३००च्या आसपास खायला हवं. तुम्ही तर १,७५० खाताय.

त्यामुळे पहिले दहा दिवस काटा कपाटात. वरच्या फळीवर, मागे. तुमच्याच्याने होणार नसेल तर घरातल्या कुणाला तरी ठेवायला सांगा. त्यानंतर आठवड्यातून तीन सकाळी, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करा, आणि वहीत फक्त तिघांची सरासरी लिहा. सुटे आकडे लिहायचे नाहीत, नाहीतर त्यातला सगळ्यात वाईट आकडा दिवसभर डोक्यात घोळतो. आठवड्यातून एकदाच वजन करण्याचा सल्ला सोपा वाटतो, पण तो एक दिवस नेमका खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी आला तर आठवडाभर रडारड. तिसऱ्या आठवड्याची सरासरी ही तुमची नवी बेसलाइन. समजा ती ७९.५ आली. मग ७८ ते ८१ या पट्ट्यात काहीही दिसलं तरी करायचं काही नाही. सलग दोन आठवड्यांची सरासरी ८१च्या वर गेली तरच रोजच्या १५० कॅलरी कमी करा, म्हणजे एक चमचा तेल आणि दोन-तीन घास भात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी साठून वजन वाढलेलं दिसतं, म्हणून तो आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा.

काकडीबद्दल. शंभर ग्रॅम काकडीत पंधराएक कॅलरी असतात. ती तोलून तुम्हाला कळतं ते इतकंच की ती काकडी आहे. मोजण्याचा उपयोग जिथे चूक महाग पडते तिथे, म्हणजे तेल, तूप-लोणी, दाणे आणि सुकामेवा, साखर. या चार गोष्टी चमच्याने किंवा मुठीने मोजा, बाकीचं सोडा. अ‍ॅप एका दिवसात बंद केलं तर जीव टांगणीला लागेल, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या जेवणाची नोंद बंद, दुसऱ्या आठवड्यात दुपारचीही, तिसऱ्यात सगळंच बंद. त्याऐवजी सकाळसाठी दोनच पदार्थ ठरवा आणि आलटून पालटून तेच खा. पाचच्या खाण्याचंही तसंच. दिवसभर ‘आता काय खाऊ, किती खाऊ, चालेल का’ या विचारातच डोकं शिणतं. असे वीस निर्णय दिवसातून सहावर आणले तर जी मोकळीक मिळते ती कुठल्याही प्रेरणादायी वाक्याने मिळत नाही.

रविवारची खा खा. पुरेसं खायला लागल्यावर ती बरीचशी आपोआप उतरेल, पण लगेच नाही, दोन-तीन रविवार तरी जातील. मध्ये एखादा रविवार हाताबाहेर गेलाच तर सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळी नेहमीचं खा. भूक नसली तरी निम्मं खा. सोमवारची भरपाई हेच पुढच्या रविवारचं बियाणं आहे. ही साखळी कुठेतरी तोडायची तर सोमवारीच तुटते, रविवारी नाही. रविवारी एकदा हात सुटला की ‘आजचा दिवस गेलाच, आता उरलेलंही संपवू’ हा विचार येतो. १९७५च्या एका प्रयोगात डाएटवर असलेल्यांना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्यांना मिल्कशेक दिलं नव्हतं अशा डाएटवाल्यांपेक्षा यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पोट आधीच भरलेलं असूनही! नियम मोडल्याची जाणीव पोटाला जुमानत नाही. म्हणून नियमच असे हवेत की ते मोडता येऊ नयेत.

उदाहरण देतो. तुम्ही वर्ज्य केलेल्या पदार्थांची यादी तुमच्या डोक्यात पाठ असेल. त्यातला एक निवडा, मधला, सगळ्यात जीवघेणा नको. आठवड्यातून दोनदा, रात्रीच्या जेवणानंतर लगेच, एकच वाढ, बशीत काढून, बसून. पाकीट आतच राहतं. उपाशीपोटी नाही आणि उभ्याउभ्या तर नाहीच. पहिल्यांदा खाताना धडधडेल, चौथ्या वेळी अर्ध्यावर ‘पुरे’ वाटण्याची शक्यता बरीच आहे. ‘चीट डे’ हा शब्द मात्र हद्दपार करा. चीट म्हणजे फसवणूक, आणि फसवणूक म्हटली की शिक्षा आलीच.

चालणं ठेवा, पण जास्त खाल्लं म्हणून वाढवू नका. आठवड्यातले दोन दिवस चालण्याऐवजी अर्धा तास वजनांचा व्यायाम करा. झोप मात्र एकची अकरावर आणावीच लागेल. कमी झोपेने दुसऱ्या दिवशीची भूक वाढते, आणि ती भाजीची भूक नसते. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. पोट भरलेलं असलं की ते व्हिडिओ कंटाळवाणे वाटायला लागतात, हा एक चांगला मापदंड आहे.

घरच्यांना सगळं समजावत बसू नका, एक वाक्य पुरतं. ‘पुढचे दोन महिने मी वजन कमी करत नाहीये, टिकवतेय. मला माझ्या ताटाबद्दल काही म्हणू नका, चांगलंसुद्धा नाही.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. पहिल्या सहा-आठ महिन्यांत ‘किती बारीक झालीस!’ हे इंधन मिळत असतं. वर्षभराने लोकांना तुमचं नवं रूप सवयीचं होतं, कौतुक आटतं, काटाही थांबतो, आणि कष्ट मात्र तेवढेच राहतात. ही पोकळी खरी आहे, ती जाणवते म्हणून लाजू नका. वसकन अंगावर गेल्यावर माफी मागणं वेगळं, ती मागाच.

काही गोष्टी घरगुती सल्ल्याच्या बाहेरच्या आहेत. सलग दोन आठवडे रोज बहुतेक वेळ उदास, कशातच रस नाही असं वाटत असेल, तीन महिने पाळी आली नसेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल किंवा जुलाबाची औषधं घ्यावीशी वाटत असतील, तर विराम संपायची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, एकट्या न राहता. चक्कर, सतत थंडी वाजणं, केस मूठभर हातात येणं यासाठी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी१२ तपासून घ्या. केस वजन झपाट्याने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि बहुधा परत येतात, पण थायरॉइड तपासल्याशिवाय तसं गृहीत धरू नये. आणि ती रविवारची खा खा. आठवड्यातून किमान एकदा, ताबा सुटून, तीन महिने असं चाललं तर त्याला बिंज इटिंग हा आजार म्हणतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तुमचे दोन महिने झालेत. तीन पुरे होण्याची वाट बघण्यात काही शहाणपण नाही. पुरेसं खायला लागल्यावर चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेला मानसोपचारतज्ज्ञ शोधा.

आठ आठवड्यांनंतर? आपोआप परत सुरू करायचं नाही. आधी वहीत बघा. गेल्या चार आठवड्यांत ताबा सुटलेला एकही रविवार नाही, झोप सात तासांच्या जवळ आहे, आणि मधले काही तास अन्नाचा विचार न येता जातात, असं असेल तर पुढची फेरी घ्या. यातली एक जरी गोष्ट नसेल तर आणखी आठ आठवडे टिकवा. फेरी दहा आठवड्यांची, रोज ३५० कॅलरी कमी, म्हणजे १,४००च्या आसपास, आणि मग न चुकता चार आठवडे विराम, वजन उतरत असलं तरीही. दहा आठवड्यांत गणिताने तीन किलो उतरतील. कमी वाटतात ना? दोन फेऱ्या आणि दोन विराम मिळून सात महिन्यांत तुम्ही ७२च्या आसपास असाल, आणि तिथपर्यंत डोकं शाबूत असेल. ६५ हा आकडा कुठून आला ते एकदा स्वतःला विचारा. लग्नाच्या वेळचं वजन, मैत्रिणीचं वजन, की तक्त्यातली एक ओळ? शरीराच्या ५ ते १० टक्के वजन उतरलं की रक्तदाब आणि साखरेवर फरक दिसायला लागतो. तुम्ही १७ टक्के उतरवलंय. ७२वर, किंवा ७८वरही, थांबायचं ठरवलंत तर आमची काहीच हरकत नाही. आणि पुढे जायचंच असेल तर डॉक्टरांशी औषधांबद्दल बोलायला संकोच नको. ती भुकेच्या त्या चढलेल्या आवाजावरच काम करतात, ती घेणं म्हणजे हार नव्हे.

ता. क.चं उत्तर: जा. त्या दिवशी सकाळचं ४००चं खाणं आणि दुपारचं जेवण नेहमीसारखंच करा, पोटात जागा करून जाऊ नका. रात्री पहिल्यांदा जे मनापासून हवंय ते ताटात घ्या, ‘चालणारं’ नव्हे, आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या वाटीतून येताजाता उचलणं टाळा, जे खायचं ते स्वतःच्या ताटात. केकचा एक तुकडा, बसून, भाचीशेजारी. सोमवारी सकाळी आठला नाश्ता. काटा तेव्हा कपाटातच असेल.